बारशाची बासुंदी

शनिवार, २ मे १९५३

उकाडा फार. प्रयोगशाळेतली बर्फाची लादी दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. प्रयोगशाळा म्हणायची, पण आहे ती सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमधली जुनी लष्करी बराक. अर्ध्या भागात रेशनकार्डांचं ऑफिस, उरलेल्या अर्ध्यात मी, जनू शिपाई आणि एक सूक्ष्मदर्शक. परळच्या मोठ्या प्रयोगशाळेत होतो तेव्हा हाताखाली चार माणसं होती. इथे विहिरींचं पाणी आणि दुधातलं पाणी, एवढंच तपासायचं. अक्का म्हणते, "पाण्यातच जायचं होतं तर कोळी व्हायचं होतंस, चिंतू."

घरी, अंबरनाथला, शेजारच्या प्रधानांच्या धाकट्याचं उद्या बारसं. बासुंदी अक्कानंच करायची, हे सुनंदावहिनींनी महिनाभर आधी ठरवून टाकलेलं. अक्काच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालंय, टोक पिवळं पडलंय. चिरून देतो म्हटलं तर म्हणाली, "बारसं होऊ दे. चिंधी गुंडाळलीय." दुपारभर तिकडेच होती. दहा शेर दूध आटवलं, साय हातानं मोडली आणि पातेलं झाकून दिवे लागायच्या सुमाराला घरी आली. थकलेली, पण खूश. भावोजी जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती गोड खात नाही, आणि सगळी आळी मात्र तिच्या हातच्या गोडावर टपलेली असते.

प्रधानांची थोरली गोदू, चार वर्षांची, आमच्या मागच्या दारी कोळशाच्या खोक्यापाशी बसून होती. मांजरीची तीन पिल्लं आता महिन्याची झालीत. तिघांचंही नाव तिनं मनी ठेवलंय. एकीला हाक मारली की तिघी येतात, म्हणून.

उद्या मला बदलापूरला विहिरींचे नमुने आणायला जायचंय. बारसं चुकणार.

सोमवार, ४ मे

गोदू गेली.

काल पाचच्या सुमारास बदलापूरहून आलो तेव्हा आळीत प्रत्येक ओट्यावर कोणीतरी वाकलेलं होतं. पंगत साडेबाराला बसली होती. तीन वाजायच्या आत पहिली ओकारी, आणि मग एकामागून एक. बासष्ट पानांपैकी अडतीस माणसं आजारी. मोठी माणसं दिवेलागणीपर्यंत सावरली. गोदूच्या पोटात पाण्याचा थेंब राहीना. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण तिची शीरच सापडत नव्हती. सकाळी सातला गेली. शरदराव प्रधान तिला एका हातावर घेऊन निघाले. तिरडी लागलीच नाही.

मी नमुने गोळा केले. पातेल्यात उरलेली बासुंदी एका बरणीत घालून बर्फावर. पेढ्यांचा अर्धा पुडा, तो कॅम्प चारच्या लधाराम हलवायाकडचा. बाकी वरण, भात, भाजी सगळं संपलेलं. बासुंदी आणि पेढे दोन्ही सगळ्यांनीच खाल्लेले. वहिनींनी दोनदा सांगितलं, "बासुंदी सकाळी पुन्हा खळखळून उकळली होती हो." शेजारपाजारचेही तेच म्हणाले. पेढे काही कोणी उकळत नाही.

अक्काला काही झालं नाही. तिनं गोडाला तोंड लावलं नव्हतं, म्हणून वाचली.

बुधवार, ६ मे

जंतू वाढवायच्या बशांवर नमुने पेरले होते, त्या पाहिल्या. बासुंदीची बशी कोरी. दोन दिवस झाले तरी तिच्यावर ठिपकासुद्धा नाही. पेढ्यांच्या बशीवर जंतूंच्या वीस-बावीस वसाहती.

आरोग्य अधिकारी साहेब स्वतः बराकीत आले. आळीतली माणसं त्यांच्या ऑफिसवर जाऊन आली होती. म्हणाले, "कर्णिक, एक पदार्थ उकळलेला आणि एक न उकळलेला. यात तपासायचं काय उरलं?"

मलाही ते पटलं. मी लिहून दिलं: पेढ्यांत जंतू आढळले, बासुंदी निर्जंतुक आहे. खाली सही केली. सही करताना बरं वाटलं. गोदूसाठी काहीतरी केलं, असं वाटलं.

शुक्रवार, ८ मे

लधारामचं दुकान फोडलं. जनू स्वतः पाहून आला. "कढई उलटी केली सायेब, नि भट्टीत पानी वतलं. आपल्या अंबरनाथचीच मान्सं व्हती." लधारामला पोलिसांनी आधीच नेलं होतं, म्हणून मार वाचला.

साहेबांनी माझा कागद फौजदाराकडे पाठवला होता, हे मला आज कळलं.

घरी येताना गोदूच्या वयाच्या एका मुलीनं कोणाला तरी हाक मारली. सायकलवरून उतरलो. हाक मला नव्हती.

शनिवार, ९ मे

लधारामची बायको सकाळपासून बराकीच्या पायरीवर बसून होती. जनूनं दोनदा उठवलं, ती दोनदा पुन्हा येऊन बसली. शेवटी मी बाहेर गेलो. तिनं पदरातून एक पेढा काढला आणि माझ्यासमोर खाल्ला.

"साईं, उसी थाली का है," ती म्हणाली. "मेरे बच्चों ने खाया, सामनेवाली बराक ने खाया. कॅम्प में शादी थी, सौ आदमी ने खाया. एक को भी उल्टी नहीं."

"जंतू मिले हैं," मी म्हणालो.

"जंतू तो मेरे हाथ पर भी मिलेगा. आपके हाथ पर भी."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. मी आत आलो.

परळला असताना एका परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. घोसाघोसानं वाढणारे गोल जंतू दुधासारख्या पदार्थात रात्रभर उबेला राहिले तर विष सोडतात. उकळलं की जंतू मरतात, विष मरत नाही. तिकडे काही लोकांनी ते मुद्दाम पिऊन पाहिलं होतं. दोन-तीन तासांत ओकाऱ्या.

दोन-तीन तासांत. साडेबारा ते तीन.

रविवार, १० मे

सुट्टी असून बराकीत गेलो. बासुंदीचा थेंब काचेवर घेतला, रंगवला आणि भिंगाखाली धरला. द्राक्षांच्या घोसासारखे गोळे. भिंगातून दिसेल तेवढं सगळं त्यांनी भरलेलं. मेलेले, म्हणून बशीवर उगवले नाहीत. बुधवारी मी बशी कोरी पाहिली आणि काच पाहिलीच नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

पण मेलेले जंतू दिसले म्हणजे विष सिद्ध झालं असं नाही. विषाला रंग नाही, वास नाही. एकच कसोटी ठाऊक आहे: पदार्थाचा अर्क गाळायचा, अर्धा तास उकळायचा आणि मांजराच्या पिल्लाला पोटात टोचायचा. पिल्लू ओकलं तर विष आहे.

सोमवार, ११ मे

जेवताना अक्काला सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत प्रथमच मला भूक लागली होती. म्हटलं, "पेढे निर्दोष असणार बघ. चूक उकळण्यावर विश्वास ठेवण्यात आहे. कोणाच्या तरी बोटाला गळू, फोड काहीतरी असणार, तो हात दुधाला लागला असणार. रात्रभर उकाड्यात पातेलं झाकलेलं. सकाळी कितीही उकळा."

अक्का आमटी वाढत होती. पळी तशीच धरून म्हणाली, "उकळलं तरी?"

"उकळलं तरी."

"दोनदा उकळलं तर?"

"दहादा उकळ. विष तसंच राहतं."

तिनं पळी ठेवली आणि आत गेली. गोदूचा विषय निघाला की तिचं असंच होतं. त्या पोरीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी जेवताना हे काढायला नको होतं.

बुधवार, १३ मे

पिल्लं कुठून आणायची हा प्रश्न होता. जनू म्हणाला, बराकींत मांजरं पुष्कळ, पण पिल्लं कोणी देईना. अक्कानं आपणहून सांगितलं, "खोक्यातली ने." मला धक्का बसला. ती गोदूची पिल्लं. म्हणाली, "तुला खात्री करायची आहे ना? कर."

तिनं स्वतः पाटीत फडकं घालून दिलं. पिल्लांना हात मात्र लावला नाही. मीच उचलून ठेवली.

घरात आजकाल वेणूबाई पोळ्या करायला येते. अक्काची पाठ दुखते म्हणे. अक्का दिवसातून आठ-दहा वेळा राखेनं हात घासते. कातडं निघालंय. तिला म्हटलं, "सुतक आपल्याला नव्हतं." तिनं आणखी चिमूटभर राख घेतली.

गुरुवार, १४ मे

पहिल्या पिल्लाला पेढ्यांचा अर्क. दुसऱ्याला बासुंदीचा. तिसऱ्याला दुकानातून आणलेल्या ताज्या दुधाचा, तुलनेसाठी. अकरा वाजता टोचलं.

पेढ्यांचं पिल्लू तासाभरानं अंग चाटत बसलं. दुधाचं झोपलं. बासुंदीचं पस्तीस मिनिटांनी उभं राहिलं, मागे मागे सरकलं आणि ओकलं. मग पुन्हा. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिलं. तो आवाज हुबेहूब लहान मुलाचा. जनू उठून बाहेर गेला. मी घड्याळ लावून बसलो होतो आणि वेळा लिहीत होतो. अक्षर बघितलं तर माझं वाटत नाही.

लधाराम निर्दोष आहे. बासुंदीत विष होतं.

संध्याकाळी अक्कानं विचारलं, "कुठलं ओकलं?" मी सांगितलं. ती भिंतीला टेकली. "जगेल ना ते?" म्हणाली. म्हटलं, जगेल, बहुतेक जगतात. तिला पिल्लाचा फार लळा.

शुक्रवार, १५ मे

साहेबांना नवा अहवाल दिला. आधीचा चुकीचा होता हेही लिहिलं. ते वाचून म्हणाले, "हलवाई उद्या सुटेल. तुमची चूक मी मोठी करत नाही. इथे थांबा."

मी म्हटलं, "विष कोणाच्या हातून गेलं हे शोधायला हवं. नाहीतर लोकांचा विश्वास बसणार नाही. उकळलेली बासुंदी बाधते हे कोण मानेल? लधारामच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही."

"कर्णिक, बाहेरचा माणूस सुटला. आता घरातल्या माणसाला कशाला अडकवता?"

"शास्त्राला घर नसतं साहेब," मी म्हणालो.

ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहत होते.

शनिवार, १६ मे

काय लिहू.

सकाळी प्रधानांकडे गेलो. कापसाच्या काड्या, नळ्या, सगळं घेऊन. शरदराव कारखान्यात गेले होते. सुनंदावहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "बासुंदीला कोणाकोणाचे हात लागले होते? सगळ्यांचे तपासावे लागतील."

वहिनी म्हणाल्या, "अक्कांचे. दुसऱ्या कोणाचे असणार? सकाळी चूल मी पेटवली, पळी त्यांनीच फिरवली. तुम्हाला ठाऊक नाही का?"

मला ठाऊक होतं. मी या वहीत लिहिलंय. घरी येऊन पान काढलं. दोन तारीख. नखुरडं, चिंधी, साय हातानं मोडली. माझंच अक्षर. चौदा दिवस मी ही वही रोज उघडतोय.

अक्का मागच्या दारात बसली होती. मी नळ्या घेऊन समोर गेलो तसा तिनं आपणहून उजवा हात पुढे केला. अंगठा जवळजवळ बरा झालाय. नखाच्या कडेला अजून थोडा ओला आहे.

"कधीपासून कळलं होतं?"

"तू जेवताना सांगितलंस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तू ओळखशील. रोज दार वाजलं की वाटायचं, आता ओळखून आला. मग वाटायला लागलं, ओळखू नयेस." जरा थांबून म्हणाली, "तो सिंधी कोठडीत होता, रोज त्याचा विचार येत होता, चिंतू. तरी बोलवेना. माझी जीभच उचलेना."

मी काडी अंगठ्यावर फिरवली. तिचा हात स्थिर होता.

मंगळवार, १९ मे

अंगठ्यावरच्या जंतूंची बशी. सोनेरी वसाहती, दाट. भिंगाखाली तेच घोस. खात्रीसाठी त्यांना वाढवून, गाळून पुन्हा पिल्लाला टोचता आलं असतं. टोचलं नाही. कशासाठी?

लिहायला बसलो. "स्रोत निश्चित करता आला नाही" एवढे पाचच शब्द. लिहिले आणि खोडले. शेवटी लिहिलं: स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या उजव्या अंगठ्यावरील जखमेतून. व्यक्तीचं नाव लिहिलं नाही. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाव विचारलं नाही. त्यांना पंधरा तारखेलाच ठाऊक असावं. आळीत बासुंदी कोणाच्या हातची, हे मी सोडून सगळ्यांच्या ध्यानात होतं.

गुरुवार, २१ मे

दुपारी अक्का प्रधानांकडे गेली. मला न सांगता. मी जेवायला घरी आलो तेव्हा ती परत येऊन ओट्यावर बसली होती.

"सांगितलं," म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"बाळाला पाळण्यात ठेवलं, झोका दिला. मग म्हणाली, 'अक्का, गोदूला दुसरी वाटी नको होती. ती तोंड फिरवत होती. अक्कांनी केलीय, खा, म्हणून मी भरवली.' " अक्कानं हात उपडे मांडीवर ठेवले. "मी म्हटलं, मला शिव्या दे. तर म्हणाली, कुठल्या तोंडानं देऊ?"

थोड्या वेळानं पुन्हा बोलली. "चिंतू, मी तिचं ओझं कमी करायला गेले होते. तिनं मला आणखी एक दिलं."

दुपारी तीनच्या सुमाराला अक्का म्हणाली, कोळशाच्या खोक्याशी कोणीतरी खुडबुडतंय. मी गेलो. खोकं रिकामं होतं. पिल्लं बराकीत नेल्यापासून मांजर दुसरीकडे गेली आहे. मीही ऐकलं होतं, हे तिला सांगितलं नाही.

गुरुवार, ११ जून

प्रधानांची बदली झाली. शरदरावांनीच मागून घेतली. सामान गेलं, मग टांग्यात ती तिघं. वहिनींनी मागे पाहिलं नाही. गेल्यावर वेणूबाईनं सांगितलं की सकाळी वहिनींनी अक्काला बोलावून बाळाकडून तिला नमस्कार करवला होता. अक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. लांबूनच "औक्षवंत हो" म्हणाली.

शनिवार, ४ जुलै

लधाराम बराकीत आला. उंच, वाकलेला, बोटं भाजल्याच्या जुन्या डागांची. दुकान पुन्हा उघडलंय. कॅम्पातले लोक येतात, अंबरनाथचे अजून येत नाहीत. कागदात बांधून पेढे आणले होते.

"साईं," म्हणाला, "पहले कागज से दुकान गया. दूसरे से मैं छूटा. अब तीसरा मत लिखना."

त्याला हसायचं होतं म्हणून मी हसलो. त्याला सांगायला हवं होतं की ते विष माझ्या घरातलं. माझ्या बहिणीचा अंगठा. पहिला कागद मी घाईनं लिहिला आणि तिसरा, लिहून झालेला, अर्धवट आहे. शब्द तोंडापर्यंत आले होते. एवढ्यात तो उठला, "भट्टी चालू है" म्हणाला आणि गेला.

पेढे घरी नेले नाहीत. जनूला दिले. त्यानं पुडा हुंगून बाजूला ठेवला.

रविवार, १३ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. भात आता मी लावतो. वेणूबाई सणासुदीला येत नाही, तेव्हा आमटीही. अक्का समोर बसून सांगते: आता मीठ, आता झाकण. चुलीपासून दोन हातांवर. काल म्हणाली, "तुझ्या हाताला चव नाही." मग आम्ही दोघं हसलो. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. आणि लगेच थांबलो.

सोमवार, २३ नोव्हेंबर

बदलापूरला एका वसतिगृहात काल दुपारच्या जेवणानंतर सोळा मुलं ओकली. मी आज पोचलो तोवर सगळी बरी होती, अंगणात विटीदांडू चाललेला. आदल्या रात्रीची खीर, सकाळी उकळून वाढलेली. आता मला विचारावंसुद्धा लागत नाही. भांड्याच्या तळाची खीर घेतली आणि व्यवस्थापकांना म्हटलं, स्वयंपाकीणबाईंना भेटतो. ते म्हणाले, "तिला हाकलायचंच ठरवलंय."

"आधी मला भेटू द्या."

ती मागच्या ओट्यावर बसली होती. पन्नाशीची, गावाकडची. डावा हात पदराखाली. पदर हातापाशी ओला झाला होता. इतकी वर्षं मी अशा वेळी आधी काडी काढतो आणि मग माणसाकडे बघतो. आज पेटी खाली ठेवली. नाव विचारलं. गोजरबाई म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. फोड, दूध, उबारा, उकळणं. सावकाश सांगितलं. तुझ्या मनात नव्हतं, तुला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणारी माणसंही चुकतात, हेही सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं,

"कुनी पोर गेलं का, सायेब?"

"नाही. या वेळी कोणी नाही."

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"मंग कवा गेलं व्हतं?"

अंगणात पोरं ओरडत होती. मला वाटलं, यांच्यापैकी कोणी हाक मारेल आणि मला उठून जाता येईल.

"मे महिन्यात, आमच्या शेजारच्या घरी," मी म्हणालो. "माझ्या बहिणीनं बासुंदी केली होती. मुलगी चार वर्षांची होती. तिचं नाव गोदू."

गोजरबाईनं उजव्या हातानं ओट्यावरची परात बाजूला सारली आणि मला बसायला जागा केली.